टोन येतोय पण कॉल लागत नाही: सर्व्हर बसल्यावर ऑफिसच्या आयपी फोनचं काय करायचं

तक्रार नेहमी अशीच येते. रिसीव्हर उचलला की टोन येतो, नंबर दाबला की शांतता. अर्धा मिनिट काहीच होत नाही, मग स्क्रीनवर कॉल फेल झाल्याचा मेसेज. बाहेरून कोणी बोर्ड नंबर लावला तर त्याला "संपर्क होऊ शकत नाही". मग कोणीतरी फोनची केबल काढून परत लावतो. त्यानंतर फोन मघापर्यंत जेवढं करत होता तेवढंही करेनासा होतो.

छोट्या-मध्यम ऑफिसांची नेटवर्क आणि फोनची कामं मी बघतो. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी पीबीएक्स, म्हणजे ऑफिसचे कॉल जोडून देणारा सर्व्हर, हा अकाउंट्सच्या खोलीत टेबलाखाली ठेवलेला जुना डेस्कटॉप असतो, त्यावर अ‍ॅस्टेरिस्क किंवा फ्रीपीबीएक्स हे सॉफ्टवेअर. काही ठिकाणी पीबीएक्स क्लाउडवर असतो आणि ऑफिसात फक्त फोन असतात. दोन्हीकडे सर्व्हर बसतो. तो बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत जे होतं त्यावर पुढचा अर्धा दिवस कसा जाणार ते ठरतं, म्हणून सुरुवातीलाच सांगतो: सर्व्हर बसलाय असा संशय आला तर फोन बंद-चालू करू नका. बंद-चालू केल्याशिवाय काही सुटत नाही अशी एक वेळ येते, ती पुढे सांगतोच. पण ती सगळ्यात शेवटी.

टोनवर विश्वास ठेवू नका

जुन्या लँडलाइनचा टोन एक्स्चेंजमधून यायचा. फोनला लागणारी वीजसुद्धा तिथल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवरून त्याच तारेतून यायची. त्यामुळे टोन आला म्हणजे लाइन जिवंत, हे समीकरण आपल्या हाडात बसलंय. आयपी फोनमध्ये तो टोन फोन स्वतःच वाजवतो. पलीकडे सर्व्हर आहे की नाही याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. काही मॉडेल रजिस्ट्रेशन गेल्यावर टोन बदलतात किंवा देतच नाहीत, पण त्यावर विसंबून राहण्यात अर्थ नाही.

"स्क्रीनवर तर रजिस्टर्ड दिसतंय," हा दुसरा गैरसमज. रजिस्ट्रेशन म्हणजे फोनने सर्व्हरकडे लावलेली हजेरी. "मी एक्स्टेन्शन २०५, माझा पत्ता अमुक, माझे कॉल इथे पाठवा," असं फोन सांगतो आणि ही हजेरी ठरावीक वेळ ग्राह्य धरली जाते. बहुतेक फोनमध्ये ती कारखान्यातूनच ३६०० सेकंद, म्हणजे एक तास असते. सर्व्हर सव्वादहाला बसला आणि फोनने दहाला हजेरी लावलेली असेल, तर पुढची हजेरी लावायची वेळ जवळ येईपर्यंत फोन बिनधास्त हिरवा दिवा दाखवत बसतो. त्याला काही माहीतच नसतं.

मघाच्या त्या अर्ध्या मिनिटाच्या शांततेलाही कारण आहे. फोन आणि पीबीएक्स ज्या सिप प्रोटोकॉलवर बोलतात, त्याच्या २००२ च्या प्रमाणित नियमांत असं आहे की कॉलच्या विनंतीला उत्तर आलं नाही तर फोनने ती परत पाठवायची. आधी अर्ध्या सेकंदाने, मग एक, दोन, चार, आठ, सोळा असं अंतर वाढवत. ३२ सेकंद झाले की सोडून द्यायचं आणि ४०८, म्हणजे वेळ संपली, असं धरायचं. त्यामुळे नंबर दाबल्यावर लगेच एंगेजसारखा आवाज आला तर सर्व्हर जिवंत आहे, तो नाही म्हणतोय. अर्धा मिनिट सुन्न शांतता आणि मग फेल, तर पलीकडे ऐकायलाच कोणी नाही. कुठलंही सॉफ्टवेअर न उघडता, नुसत्या कानाने एवढं निदान होतं. रिसेप्शनवरच्या ताईंना मी फोनवरून पहिला प्रश्न हाच विचारतो: "लगेच कट होतो की बराच वेळ काहीच होत नाही?"

नक्की कुठला सर्व्हर?

"सर्व्हर डाउन आहे" असं सगळेच म्हणतात, पण फोनच्या मागे किमान चार-पाच गोष्टी असतात आणि त्यातली कुठली गेली ते फोनचा स्क्रीन बऱ्यापैकी सांगतो.

स्क्रीन काळाच असेल तर सर्व्हरचा विषयच नाही. फोनला वीज मिळत नाहीये. बहुतेक ऑफिसांत फोनला वेगळा अ‍ॅडॉप्टर नसतो, लॅन केबलमधूनच पीओई स्विच वीज देतो. तो स्विच यूपीएसवर आहे का ते बघा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली. अशा वेळी पीबीएक्सला यूपीएस असतो, राउटरलाही असतो, पण मधला पीओई स्विच साध्या सॉकेटवर लावलेला असतो. सर्व्हर चालू, इंटरनेट चालू आणि एकही फोन चालू नाही. पुण्याकडे गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाते तेव्हा हा प्रकार हमखास बघायला मिळतो. एका फोनला पाचेक वॅट पुरतात. स्विचला यूपीएसवर घेणं हे या लेखातलं सगळ्यात स्वस्त काम आहे.

स्क्रीन चालू आहे पण "नेटवर्क अनअव्हेलेबल" असं काही दिसतंय, तर केबल किंवा स्विचचा पोर्ट. "ऑब्टेनिंग आयपी अ‍ॅड्रेस" वर अडकलाय, तर पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर गेलाय. लहान ऑफिसात तो राउटरमध्येच असतो, मोठ्या ऑफिसात विंडोज सर्व्हरवर. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले, आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. पीबीएक्स लिनक्सवर असल्याने तो अशा दिवशी तगतो, पण डीएचसीपी आणि डीएनएस (नावावरून आयपी पत्ता शोधून देणारा सर्व्हर) विंडोजवर असतील तर फोन तरीही लंगडे होतात.

पत्ता मिळालाय, पण "नो सर्व्हिस" किंवा रजिस्ट्रेशन फेल दिसतंय, तर पीबीएक्स तरी गेलाय किंवा त्याचं नाव शोधून देणारा डीएनएस तरी. हे दोन वेगळे करणं सोपं आहे. कुठल्याही लॅपटॉपवरून पीबीएक्सला आधी नावाने आणि मग आयपी पत्त्याने पिंग करा, म्हणजे "आहेस का?" असं विचारणारा छोटा निरोप पाठवा. पत्त्याने लागतोय, नावाने नाही, तर दोष डीएनएसचा. सप्टेंबर २०२१ मध्ये इंटरनेटवरून फोनसेवा देणाऱ्या कॅनडातल्या व्हीओआयपी डॉट एमएस या कंपनीवर मोठा डीडॉस हल्ला (खोट्या विनंत्यांचा पूर सोडून सर्व्हर बंद पाडणं) झाला तेव्हा तिचे डीएनएस सर्व्हरही सापडले होते. नावं सापडेनाशी झाली की त्यामागचे काही सर्व्हर जिवंत असले तरी फोन तिथे पोचू शकत नाही.

आणि शेवटचा प्रकार: एक्स्टेन्शन ते एक्स्टेन्शन कॉल लागतात, फक्त बाहेरचे लागत नाहीत. तेव्हा पीबीएक्स ठणठणीत आहे, टेलिकॉम कंपनीकडून आलेली, बाहेरचे कॉल नेणारी-आणणारी सिप ट्रंक किंवा पीआरआय लाइन गेलीय. फोनला हात लावूच नका, कंपनीच्या सपोर्टला मोबाइलवरून कॉल करा.

बंद-चालू का करायचं नाही

चालू असलेल्या फोनकडे बरंच काही शिल्लक असतं. त्याच्याकडे आयपी पत्ता असतो. डीएचसीपीने तो पत्ता वापरायला दिलेली मुदत २४ तासांची असेल तर फोन ती निम्म्यावर आल्यावर नूतनीकरण मागतो. म्हणजे डीएचसीपी सर्व्हर कुठल्याही क्षणी मेला तरी फोनच्या हातात साधारण १२ तास तरी उरतात. त्याच्या मेमरीत सर्व्हरचा पत्ता असतो, घड्याळ बरोबर असतं. केबल ओढली की यातलं बरंच जातं. परत सुरू होताना फोन पत्ता मागतो, तो मिळत नाही. डीएचसीपीच्या पर्याय ६६ मधून आपली सेटिंग फाइल कुठून घ्यायची ते विचारतो, तो सर्व्हरही बहुधा त्याच पडलेल्या मशीनवर असतो. वेळ विचारतो, ती मिळाली नाही तर काही मॉडेलचं घड्याळ १९७० किंवा अशाच कुठल्या तरी सालावर जातं. सिप सुरक्षित जोडणीवर चालत असेल तर मग सर्टिफिकेट अजून लागू झालेलं नाही म्हणून फोन तेही नाकारतो. पीबीएक्स परत आला तरी हा फोन येत नाही, आणि कारण शोधताना डोकं फुटायची वेळ येते.

शिवाय चालू कॉलचं नुकसान होतं. फोनचा आवाज आणि फोनचे निरोप वेगवेगळ्या वाटेने जातात. पीबीएक्सवर डायरेक्ट मीडिया चालू असेल आणि कॉल रेकॉर्डिंग नसेल, तर ऑफिसातल्या दोन फोनमधला आवाज थेट एकमेकांकडे जातो. सर्व्हर मधेच मेला तरी बोलणं चालू राहतं. होल्ड करता येत नाही, ट्रान्सफर करता येत नाही, पण बोलता येतं. सिस्कोचे फोन अशा वेळी स्क्रीनवर तसं लिहितातही, की कॉल मॅनेजर गेलाय, फीचर्स बंद आहेत. तेव्हा फोनवर कोणी बोलत असेल तर त्याला बोलू द्या, ठेवल्यावर परत लागणार नाही एवढं खुणेने सांगा. सेशन टायमर (कॉल अजून चालू आहे का हे ठरावीक वेळाने सर्व्हरला विचारणारी सोय) लावलेला असेल तर काही वेळाने तो कॉल आपोआप तुटेल, तोवर काम उरकून घ्यावं.

तेवढ्यात काम कसं चालवायचं

आतल्या आत बोलायची एक वाट आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. फोन एकमेकांना थेट आयपी पत्त्यावर कॉल करू शकतात, मधे पीबीएक्स लागत नाही. यीलिंकच्या फोनवर टिंबाऐवजी स्टार दाबायचा: १९२*१६८*१*४५ आणि मग ओके. ग्रँडस्ट्रीमच्या काही मॉडेलमध्ये मेनूतच डायरेक्ट आयपी कॉल असा पर्याय असतो. यीलिंकमध्ये यासाठी फोनच्या वेबपेजवर फीचर्सखाली "अलाउ आयपी कॉल" चालू हवं, आणि ज्याला कॉल करायचा त्या फोनवर "अ‍ॅक्सेप्ट सिप ट्रस्ट सर्व्हर ओन्ली" बंद हवं. हे दुसरं बंद ठेवण्याला किंमत आहे. फोन थेट इंटरनेटवर उघडा असेल तर रात्री-बेरात्री भुताचे कॉल येतात. फोन राउटरच्या आत असतील, तर फक्त रिसेप्शन, गोडाऊन आणि साहेबांची केबिन एवढ्या फोनवर हे करून ठेवायला हरकत नाही. त्या तीन फोनचे पत्ते डीएचसीपीमध्ये पक्के करा आणि कागदावर लिहून रिसेप्शनच्या फोनखाली चिकटवा. पत्ते बदलत राहिले तर तो कागद निरुपयोगी आहे.

पत्ता बघायला यीलिंकवर ओके एकदा दाबायचं, लगेच सोडायचं. दाबून धरलं तर फोन फॅक्टरी रीसेट करायचा का असं विचारतो, आणि गडबडीत कोणीतरी त्यालाही ओके म्हणतो. सर्व्हर बसलेला असताना रीसेट झालेला फोन म्हणजे टेबलावरचं घड्याळ. तेही चुकीचं.

बाहेरून येणाऱ्या कॉलचं काय? ते तुमच्या ऑफिसात पोचतच नाहीत, तेव्हा ऑफिसात बसून काही करता येत नाही. ट्रंक देणाऱ्या कंपनीकडे "पीबीएक्स उत्तर देत नसेल तर या मोबाइलवर पाठवा" अशी सोय बहुतेक ठिकाणी असते, पण ती आधी लावून घ्यावी लागते. पोर्टलचा पासवर्ड कोणाकडे आहे हेही आधी माहीत पाहिजे. तो हमखास नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या मेलवर असतो. पर्याय म्हणून एखादी साधी लँडलाइन गेटवेच्या (लँडलाइन आणि पीबीएक्स जोडणाऱ्या डब्याच्या) एफएक्सओ पोर्टला, म्हणजे लँडलाइनच्या खाचेला, लावून ठेवतात. तेही चांगलं, पण पीबीएक्सच गेला तर गेटवेलाही सांगणारं कोणी उरत नाही. म्हणून त्या लाइनवर एक साधा फोन समांतर जोडून ठेवा, गडबडीत चटकन ओळखू येईल असा रंगीत असला तर उत्तम.

मोबाइलवरचं सॉफ्टफोन अ‍ॅप, झॉयपर किंवा लिनफोन, कधी उपयोगी पडतं यात गोंधळ होतो. पीबीएक्स क्लाउडवर आहे आणि ऑफिसचं इंटरनेट गेलंय, तर मोबाइल डेटावर अ‍ॅप मस्त चालतं. पीबीएक्सच गेलाय तर अ‍ॅपही त्याच मेलेल्या दारावर टकटक करणार. आणि आग, अपघात असं काही झालं तर आयपी फोनवरून ११२ लावत बसू नका, सरळ मोबाइल काढा. रिसेप्शनच्या त्या कागदावर हे सगळ्यात वर लिहा.

सर्व्हर परत आला, तरी फोन येत नाहीत

खरा त्रास इथे असतो, आणि "हा प्रॉब्लेम परत परत येतो" असं लोक म्हणतात ते बहुतेक याबद्दलच.

पहिलं कारण, क्रम. लाइट आल्यावर सगळं एकदम सुरू होतं. फोन मिनिटभरात तयार, जुना डेस्कटॉप डिस्क तपासत बसलेला. फोन विचारतात, उत्तर नाही, मग ते थांबून थांबून विचारतात. इथे काही करायचं नसतं, पाच-सात मिनिटं वाट बघायची असते. हाताने सुरू करायचं असेल तर आधी स्विच आणि राउटर, मग डीएचसीपी-डीएनएस, मग पीबीएक्स, मग ट्रंक लागली का ते बघणं आणि शेवटी फोन.

दुसरं कारण जास्त वात्रट आहे. पीबीएक्सवर फेल टू बॅन नावाचा पहारेकरी असतो. एकाच पत्त्यावरून वारंवार चुकीची ओळख आली की तो पत्ता काही काळ बंद करतो. क्लाउडवरचा पीबीएक्स अर्धवट उठलेला असताना, एक्स्टेन्शनची यादी अजून लोड झालेली नसताना, तुमच्या ऑफिसातले सगळे फोन एकाच सार्वजनिक पत्त्यावरून हजेरी लावायला धावतात. सगळ्यांना नकार मिळतो. पहारेकऱ्याला वाटतं हल्ला झाला, तो अख्ख्या ऑफिसचा पत्ताच बंद करतो. ओळखायची खूण: तेच एक्स्टेन्शन मोबाइल डेटावरच्या अ‍ॅपमधून रजिस्टर होतं, ऑफिसच्या वायफायवरून होत नाही. उपाय: ऑफिसचा कायमचा आयपी पत्ता पांढऱ्या यादीत टाकणं. कायमचा पत्ता नसेल तर तो घ्या, या एका कारणासाठीही तो खर्च वसूल होतो.

तिसरं, हेही पीबीएक्स क्लाउडवर असताना: बाहेर कॉल जातात, आत येत नाहीत. मुख्य इंटरनेट गेल्यावर राउटरने दुसऱ्या कंपनीच्या लाइनवर उडी मारलेली असते. बाहेरचा पत्ता बदलला, पण पीबीएक्सकडच्या हजेरीत जुनाच आहे. तो येणारे कॉल जुन्या पत्त्यावर पाठवत बसतो. तासाभराने हजेरी नवी झाली की आपोआप ठीक होतं, म्हणून कारण कधी सापडत नाही आणि "राउटरच खराब आहे" यावर एकमत होतं. हीच ती फोन बंद-चालू करायची वेळ. तोही एकदम सगळे नाही, आधी रिसेप्शनचा. कायमचा इलाज म्हणजे हजेरीची मुदत ३६०० वरून ३०० सेकंदांवर आणणं आणि फोनवर कीप-अलाइव्ह (जोडणी उघडी ठेवण्यासाठीचा छोटा निरोप) ३० सेकंदांवर ठेवणं. पन्नासेक फोनच्या ऑफिसात याने पीबीएक्सवर काही भार पडत नाही. राउटरमधला सिप एएलजी बंद करा. तो मदत करायला म्हणून सिपच्या निरोपांतले पत्ते बदलतो आणि निम्म्या वेळा घाण करून ठेवतो. एका बाजूचाच आवाज येणं हीसुद्धा बहुधा त्याचीच देणगी.

फोनच्या सेटिंगमध्ये सिप सर्व्हर १ च्या खाली सिप सर्व्हर २ असा रकाना असतो, तो कित्येक ऑफिसांत रिकामा असतो. दुसरा पीबीएक्स असेल तर तिथे भरा. पण तोच सर्व्हर दुसऱ्या नावाने लिहून काही मिळत नाही, आणि त्याच मशीनवरचा दुसरा व्हर्च्युअल सर्व्हर म्हणजेही तेच. दोन्ही एकाच यूपीएसवर असतील तर एकाच वेळी झोपतील.

हे सगळं बसवल्यावर एखाद्या शनिवारी दुपारी, ऑफिस रिकामं झाल्यावर करून बघा. पीबीएक्स नीट बंद करू नका, त्याची लॅन केबल काढा. नीट बंद केलं तर तो जाता जाता चालू कॉल स्वतः तोडतो, आणि खरा बिघाड कधी असा सांगून येत नाही. केबल निघाल्यावर दोन फोनमध्ये स्टारवाला कॉल लागतो का बघा, बोर्ड नंबर बाहेरून लावून तो कोणाच्या मोबाइलवर वाजतो ते बघा, ११२ चा कागद जागेवर आहे का बघा. मग केबल परत लावा, दहा मिनिटं कशालाही हात लावू नका, आणि जे फोन तेवढ्यात हिरवे झाले नाहीत त्यांचे नंबर लिहून घ्या. त्यांची सेटिंग तपासायची आहेत.